जलाशयावरचा वाटाड्या
गळाने मासेमारी करणारे पाहुणे, स्थानिक नावाडी आणि नंदुरबार जिल्ह्यातील एक नवी शक्यता

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्याच्या रांगा उतरत उतरत जेथे नर्मदेपाशी येतात, तेथे आता खळाळती नदी दिसत नाही. दोन डोंगरांच्या मध्ये पसरलेले संथ, खोल, हिरवट पाणी दिसते. गुजरात राज्यातील केवडिया येथील सरदार सरोवर धरणाचा हा फुगवटा होय. महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील तेहतीस गावे या पाण्याने बाधित झाली. शेते, झोपड्या, पाणवठे, महुची झाडे आणि मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने देवालय पाण्याखाली गेले.

बाहेरगावाहून आलेल्या माणसाला या पाण्याचा केवळ पृष्ठभाग दिसतो. काठावरच्या नावाड्याला मात्र त्याच्या तळाची ओळख असते. नाला कोठे मिळत होता, खडकाची धार कोठे संपत होती, कोणत्या शेताच्या बांधावर आंब्याची रांग होती, हे त्याला ठाऊक असते, कारण त्या जमिनीवरून तो किंवा त्याचे वडील चाललेले असतात. मासे नेमके अशाच ठिकाणी थांबतात. म्हणून गळ घेऊन येणाऱ्या हौशी पाहुण्याला ज्या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज असते, ते ज्ञान विस्थापित झालेल्या आदिवासी कुटुंबांजवळ आधीपासूनच आहे. या ज्ञानाला योग्य मोल कसे मिळावे, पाहुण्याची सुरक्षितता कशी राखावी आणि पाण्यातील मत्स्यसंपत्तीला धक्का कसा लागू नये, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

हौस आणि तिचा व्यवसाय

जाळे टाकून उपजीविकेसाठी केलेली मासेमारी आणि केवळ आनंदासाठी गळाने केलेली मासेमारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात माशाच्या वजनापेक्षा त्याला फसविण्याचे कौशल्य, काठीवर येणारा ताण आणि पाण्याकाठचा निवांतपणा यांना महत्त्व असते. अमेरिकेत या हौसेचा फार मोठा विस्तार झाला आहे. तेथील सर्वांत लोकप्रिय मासा म्हणजे बास. मोठ्या तोंडाचा हा शिकारी मासा बुडालेली झाडे, पाणवनस्पती आणि खडकांच्या कपारी यांच्या आडोशाने राहतो. जॉर्जिया राज्यात १९३२ साली पकडलेल्या २२ पौंड ४ औंस वजनाच्या बासचा विक्रम आजही सांगितला जातो. जपानमधील बिवा सरोवरात २००९ साली त्याच तोलाचा मासा मिळाला.

अशा सरोवरांवर वाटाड्या हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. पाहुणा अर्ध्या दिवसासाठी वा पूर्ण दिवसासाठी त्याची नेमणूक करतो. नाव, गळ, आमिष कोण आणणार, किती माणसे बसणार, पकडलेला मासा ठेवावयाचा की सोडावयाचा, हवामान बिघडल्यास काय करावयाचे, हे सर्व आधी ठरते. मासा मिळेलच अशी हमी प्रामाणिक वाटाड्या देत नाही. योग्य वेळी योग्य जागी नेणे, सुरक्षित परत आणणे आणि पाण्याविषयी खरी माहिती देणे एवढेच त्याचे वचन असते. पाहुणा पैसे मोजतो ते या सेवेबद्दल, माशाबद्दल नव्हे. हा भेद प्रारंभीच स्पष्ट झाला म्हणजे पुढील बरेच वाद टळतात.

मात्र बासच्या कथेत एक इशाराही आहे. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात हा परदेशी मासा सोडण्यात आला. पुढे तो अनेक जलाशयांत पसरला आणि तेथील मूळच्या लहान माशांवर त्याने मोठे संकट आणले. अखेर २००५ साली अमलात आलेल्या कायद्याने त्याची आयात, पालन आणि जिवंत वाहतूक यांवर निर्बंध घालावे लागले. पाहुण्यांची हौस भागावी म्हणून परका मासा पाण्यात सोडणे किती महाग पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे. नंदुरबार जिल्ह्यातील जलाशयांवर गळाची मासेमारी वाढवावयाची असेल तर ती येथील माशांवरच उभी राहिली पाहिजे.

देशातील अनुभव

भारतात या हौसेचा मानाचा मासा म्हणजे महाशीर. कर्नाटकात कावेरी नदीच्या एका पट्ट्यात वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने १९७२ पासून महाशीरचे रक्षण आणि गळाची मासेमारी यांची सांगड घातली. काठच्या गावांतील जी माणसे पूर्वी चोरून मासे मारीत, त्यांतील काहींना वाटाडे आणि रक्षक म्हणून काम मिळाले. नदीचे वळण न् वळण जाणणारी ही माणसे परदेशी पाहुण्यांना डोहांपर्यंत नेत. पकडलेला मासा वजन करून पुन्हा पाण्यात सोडला जाई. जिवंत मासा मेलेल्या माशापेक्षा अधिक उत्पन्न देतो, हे त्यांना अनुभवाने कळले.

पुढे अभयारण्याच्या हद्दीतील गळाच्या मासेमारीवर वन्यजीव कायद्याच्या आधारे बंदी आली आणि २०१० नंतरच्या काळात तेथील शिबिरे बंद झाली. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या वाटाड्यांचा रोजगार गेला. दरम्यान तेथील मोठ्या पाठीचा महाशीर इतका दुर्मीळ झाला की, २०१८ साली जागतिक पातळीवर त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत करण्यात आली. या अनुभवातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, ज्या पाण्यावर हे काम चालणार त्याची कायदेशीर स्थिती प्रथम तपासली पाहिजे. दुसरा असा की, वाटाड्याचा रोजगार केवळ कोणाच्या मर्जीवर न राहता त्याच्या हक्कावर आधारलेला असावा.

महाराष्ट्रानेही महाशीरच्या बाबतीत महत्त्वाचे काम केले आहे. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकारंभी दख्खनी महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोग यशस्वी झाले. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचा त्यात प्रमुख वाटा होता. तेथील बीज देशाच्या निरनिराळ्या भागांतील जलाशयांत आणि नद्यांत सोडण्यात आले. नर्मदेतील महाशीर मात्र वेगळ्या जातीचा आहे. वाहते, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ त्याला हवा असतो. संथ जलाशयात त्याचे क्षेत्र आकसते आणि डोंगरातून येणाऱ्या उपनद्यांच्या मुखापाशी तो आश्रय घेतो. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०११ साली महाशीरला राज्यमासा घोषित केले, ते त्याची घटती संख्या लक्षात घेऊनच.

जिल्ह्यातील पाणी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या वाट्याला तीन निरनिराळ्या प्रकारचे पाणी आले आहे.

पहिले नर्मदेचे. सरदार सरोवराचे एकूण बुडीत क्षेत्र ३७ हजार हेक्टरांहून अधिक असून त्यातील साडेनऊ हजार हेक्टरांवर क्षेत्र महाराष्ट्रातील आहे. त्यातही सुमारे साडेसहा हजार हेक्टर वनजमीन होती. धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर असून २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय प्रथमच त्या पातळीपर्यंत भरला. पाणी वापरता येण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर धरली आहे. म्हणजे पूर्ण भरलेल्या आणि उतरलेल्या जलाशयात २८ मीटरांचे अंतर पडू शकते. नऊमजली इमारतीएवढा हा फरक होय. सप्टेंबरमध्ये जेथून नाव निर्धास्त जाते, तेथे मे महिन्यात खडक आणि झाडांचे बुंधे वर आलेले असू शकतात. छापील नकाशावर हे दिसत नाही. वाटाड्याची गरज येथेच सिद्ध होते.

दुसरे पाणी तापीवरील उकाई जलाशयाचे. गुजरातमधील हे धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा नवापूर तालुक्याच्या बाजूला आला. हा जलाशय उथळ काठांचा, गाळाचा आणि म्हणून मत्स्योत्पादनास अनुकूल आहे. तिसरे पाणी तोरणमाळच्या पठारावरील यशवंत तलावाचे. तो आकाराने लहान आहे. तेथे येणारा प्रवासी मुख्यत्वे थंड हवेसाठी येतो. नवशिक्यांना काठावरून गळ टाकण्याची ओळख करून देण्यास असे तलाव योग्य असतात. मात्र त्यासाठी संबंधित यंत्रणेची परवानगी आधी घेणे इष्ट होय.

या पाण्यांत रोहू, कटला, मृगळ हे वाढविलेले मासे तसेच मरळ, वाम, शिंगाळा यांसारखे नैसर्गिक मासे आढळतात. प्रत्येकाची सवय निराळी. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात फिरतो, मृगळ तळाशी राहतो. मरळ काठच्या गवतात दबा धरतो आणि वाम बहुधा अंधार पडल्यावर हालचाल करते. कणकेच्या गोळ्यावर रोहू येतो, पण मरळ त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला हलते आमिष लागते. अमेरिकेतील पाहुण्याला बासबद्दल जे कुतूहल वाटते, त्याच्या जवळ जाणारा अनुभव येथे मरळ देऊ शकतो. तोही आडोशाला राहणारा, झेप घेऊन आमिष पकडणारा शिकारी मासा आहे.

वाटाड्या कोणास म्हणावे

ज्याच्याजवळ नाव आहे तो प्रत्येकजण वाटाड्या होत नाही. चांगल्या वाटाड्याला चार गोष्टी अवगत असाव्या लागतात. पहिली, पाण्याची पातळी आणि वारा. नर्मदेचे पात्र डोंगरांच्या कुशीत असल्याने दुपारनंतर एखाद्या वळणावर अचानक वारा भरतो आणि लहान नावेला तो जड जातो. म्हणून अनुभवी नावाडी पहाटे निघतो आणि वारा उठण्यापूर्वी सुरक्षित काठ गाठतो. दुसरी, माशांच्या जागा आणि वेळा. तिसरी, हद्दी. या जलाशयाचा एक काठ महाराष्ट्रात, तर समोरचा काठ कोठे मध्य प्रदेशात आणि कोठे गुजरातमध्ये आहे. मासेमारीचे हक्क आणि बंदीचे काळ राज्यपरत्वे बदलतात. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननकाळ म्हणून मासेमारीस बंद असतो. समोरच्या काठाला गळ टाकणारा पाहुणा नकळत दुसऱ्या राज्याचा नियम मोडू शकतो. चौथी गोष्ट म्हणजे संकटकाळी काय करावे याचे ज्ञान.

भिल्ल, पावरा, तडवी, वसावे समाजातील काठच्या तरुणांना यांपैकी पहिल्या तीन गोष्टी बहुतेक घरातूनच मिळतात. चौथी प्रशिक्षणाने द्यावी लागते. बुडालेल्यास बाहेर काढणे, कृत्रिम श्वासोच्छ्वास, गळाचा काटा हातात रुतल्यास करावयाचे प्रथमोपचार, या बाबी थोड्या दिवसांत शिकविता येतात. काठावरच्या अनेक ठिकाणी दूरध्वनीचे जाळे पोहोचत नाही आणि दवाखाना पाण्याच्या वाटेने गाठावा लागतो. तरंगत्या दवाखान्याची सेवा या भागासाठी का सुरू करावी लागली, हे यावरून समजते. अशा ठिकाणी पहिला अर्धा तास वाटाड्याच्याच हाती असतो.

नेमणूक करण्यापूर्वी

पाहुणा वाटाड्याची नेमणूक करतो तेव्हा पुढील बाबी तोंडी न ठेवता साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या वा अंगठे करणे हितावह आहे. ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार संस्थेने असा छापील नमुना मराठीत तयार ठेवल्यास काम सोपे होईल.

१. निघण्याची व परतण्याची वेळ आणि जाण्याचा भाग. काठावर राहणाऱ्या एका माणसाला ही माहिती देऊन ठेवावी. ठरलेल्या वेळी नाव न परतल्यास त्याने शोध सुरू करावा.

२. नावेत बसणाऱ्यांची संख्या. ती नावेच्या क्षमतेवरून ठरेल, पाहुण्यांच्या आग्रहावरून नव्हे.

३. प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट. ते केवळ नावेत ठेवून चालत नाही, अंगावर बांधलेले असावे. पोहता येणाऱ्यालाही यातून सूट नसावी.

४. मोबदला, आगाऊ रक्कम, इंधन आणि जेवणाचा खर्च. वादळ वा वाढलेले पाणी यांमुळे वाटाड्याने जाण्यास नकार दिल्यास आगाऊ रकमेचे काय होईल, तेही लिहावे. नकार देण्याचा अंतिम अधिकार वाटाड्याचा राहील.

५. पकडलेल्या माशाचे काय करावयाचे. खाण्यासाठी किती ठेवावयाचे याची मर्यादा असावी. महाशीर आणि अंडी भरलेली मादी तत्काळ पाण्यात सोडावी.

६. गळाची साधने कोणाची. तुटलेली दोरी आणि काटे पाण्यात वा काठावर न टाकता परत आणावेत. त्यांत पक्षी आणि गुरे अडकतात.

७. मद्यपान करून नावेत बसण्यास बंदी. हा नियम पाहुण्याला आणि नावाड्याला सारखाच लागू असावा.

मासा सोडण्याचीही एक रीत आहे. कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो आणि जखमेतून रोग जडतो. म्हणून हात ओले करावेत, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून काटा काढावा, छायाचित्रासाठी त्याला फार वेळ बाहेर धरू नये. थकलेल्या माशाला पाण्यात आधार देऊन तो स्वतः हलेपर्यंत थांबावे. आकडी नसलेला काटा वापरल्यास हे सर्व सुलभ होते.

मोबदल्याचा हिशेब

वाटाड्याचा मोबदला ठरविताना बहुधा एकच आकडा बोलला जातो आणि त्यात काय काय धरले आहे, याचा उलगडा होत नाही. परिणामी नावेची झीज आणि इंधन वजा जाता नावाड्याच्या हाती शेतमजुरीएवढेही उरत नाही. हिशेबाची रीत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. दोन पाहुण्यांच्या एका दिवसासाठी ३,००० रुपये ठरले असे समजू. त्यातील ७०० रुपये इंधन, ४०० रुपये नावेची देखभाल, ३०० रुपये संस्थेच्या निधीसाठी, ६०० रुपये सोबत्याची मजुरी आणि १,००० रुपये वाटाड्याचे, अशी विभागणी होईल. प्रत्यक्ष आकडे स्थळकाळानुसार बदलतील. परंतु विभागणी कागदावर असली म्हणजे पाहुण्याला आपण कशासाठी पैसे देतो ते कळते आणि घासाघीस झाल्यास ती नेमकी कोणाच्या पोटावर येते, हेही दिसते.

दूरच्या शहरातील मध्यस्थाने सहल विकावयाची आणि काठावरच्या माणसाला त्यातील अल्प भाग द्यावयाचा, हा धोका येथे आहे. केवडिया येथील सरदार पटेलांच्या पुतळ्याचे २०१८ साली अनावरण झाल्यापासून त्या परिसरात प्रवाशांची वर्दळ वाढली आहे. ही वर्दळ उद्या जलाशयाच्या वरच्या भागाकडे वळल्यास त्या वेळी दर ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असेल, याचा विचार आजच व्हावयास हवा. नोंदणी केलेल्या वाटाड्यांची यादी, पाळीपाळीने काम देण्याची पद्धत आणि संस्थेमार्फत दर, या तीन गोष्टी असतील तर एकमेकांत चढाओढ लावून दर पाडता येणार नाहीत.

नावेचा प्रश्न

जानेवारी २०२० मध्ये मकरसंक्रांतीच्या सुमारास धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पात्रात माणसांनी भरलेली नाव उलटली. त्यात लहान मुलांसह काहींना प्राण गमवावे लागले. सणासाठी निघालेली ती माणसे काही गळ टाकण्यास गेलेली नव्हती. परंतु पाणी असा भेद करीत नाही. क्षमतेपेक्षा अधिक भार आणि जीवरक्षक साधनांचा अभाव या दोन गोष्टी एकत्र आल्या की संथ पाणीही जीवघेणे ठरते.

संसदेने १९१७ चा जुना कायदा रद्द करून अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ संमत केला. यंत्रावर चालणाऱ्या नावेचे सर्वेक्षण, नोंदणी, चालविणाऱ्याची पात्रता आणि विमा यांविषयीच्या तरतुदी त्यात आहेत. पाहुण्यांना घेऊन जाणारी नाव या तरतुदींखाली आणणे हा वाटाड्यावरील भार समजू नये. अपघात झाल्यास त्याच्या कुटुंबाला आणि पाहुण्याच्या कुटुंबाला जे संरक्षण मिळावयाचे, ते या कागदांवरच अवलंबून असते. नोंदणीसाठी नावाड्याने जिल्ह्याच्या ठिकाणी वारंवार खेटे घालण्यापेक्षा वर्षातून एकदा काठावरच शिबिर भरविणे अधिक उपयुक्त ठरेल.

यात आणखी एक लाभ आहे. पाहुण्यांसाठी घेतलेली जाकिटे आणि दोर उरलेल्या दिवशी गावकऱ्यांच्या कामी येतात. बाजाराला जाणारी बाई, शाळेला जाणारे मूल, दवाखान्यात न्यावयाची बाळंतीण यांना तीच नाव वापरावी लागते. हौशी मासेमारीच्या निमित्ताने नाव सुरक्षित झाली, तर त्याचे खरे फळ गावालाच मिळेल.

पाण्यावरचा हक्क

वाटाड्या स्वतःच्या नावेने पाहुण्याला नेतो, पण मासा कोणाचा? महाराष्ट्रात जलाशयांतील मासेमारीचे हक्क साधारणतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था मत्स्यबीज सोडते, राखण करते आणि त्याचे उत्पन्न घेते. तेव्हा गळाच्या मासेमारीसाठी संस्थेची संमती आवश्यक समजली पाहिजे आणि तिच्या निधीत प्रत्येक फेरीचा वाटा गेला पाहिजे. अन्यथा जाळे टाकणारा आणि पाहुण्यांना नेणारा या एकाच गावातील दोन माणसांत वैर निर्माण होईल.

हा आदिवासीबहुल पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पंचायत उपबंध विस्तार कायद्याने अशा क्षेत्रांतील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे. सरदार सरोवरासारख्या विशाल जलाशयाला ही तरतूद सरळ लागू होत नसली, तरी गावतळी आणि पाझर तलाव यांच्या बाबतीत ग्रामसभेचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत जलाशयांतील मासे आणि अन्य उत्पादने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वनक्षेत्रातील पाण्यावर परंपरेने मासेमारी करणाऱ्या गावांनी हे हक्क दाव्यात नोंदविले असतील, तर वाटाड्याच्या रोजगाराला भक्कम पाया मिळेल. कावेरीकाठच्या वाटाड्यांपाशी असा पाया नव्हता.

विस्थापितांनी जलाशय सांभाळल्याचे उदाहरण नर्मदेच्याच खोऱ्यात आहे. मध्य प्रदेशातील बरगी जलाशयावर १९९४ साली आणि तवा जलाशयावर १९९६ साली विस्थापितांच्या सहकारी संघांना मासेमारीचे हक्क मिळाले. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांनी त्याच पाण्यावर बीज सोडले, राखण केली, मासळीची विक्री केली आणि सभासदांना रोजगार दिला. तवा संघाचा ठेका पुढे व्याघ्रप्रकल्पाच्या निर्बंधांमुळे चालू राहिला नाही. तथापि संधी मिळाल्यास हे काम विस्थापित समर्थपणे करतात, हे त्या वर्षांनी दाखवून दिले. नंदुरबार जिल्ह्यातही नर्मदेच्या काठी मच्छीमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या आहेत. वाटाड्यांचे काम त्यांचीच एक शाखा म्हणून चालविणे स्वाभाविक होईल.

पंचायत आणि शाळा

या कामात ग्रामपंचायतीने करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. वाटाड्यांची नोंदवही ठेवणे, नाव आणि जाकिटे यांची मोसमापूर्वी तपासणी करून घेणे, उतरण्याच्या घाटावर पाण्याची पातळी दाखविणारी पट्टी रंगविणे, पाण्याखालील धोक्याच्या जागी तरंगते बुडखे बांधणे आणि दर व नियम यांचा फलक लावणे, एवढ्यावरून आरंभ करता येतो. पाण्यात सुरुंग उडवून वा विष मिसळून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून बंदी आहे. ज्या नाल्याच्या मुखाशी पाहुणे येऊन पैसे देणार, तेथे सुरुंग उडू न देण्यात गावाचाच लाभ आहे, हे ग्रामसभेत पटवून देणे अवघड नाही.

शिक्षकांचे साहाय्य याहून मोलाचे ठरेल. काठावरच्या शाळांतील मुलांना माशांची नावे भिली, पावरी अशा घरच्या भाषांत ठाऊक असतात. ती नावे, माशांची चित्रे, त्यांचा मोसम आणि सापडण्याची जागा यांची वही वर्गात तयार करता येईल. जुन्या माणसांना विचारून बुडालेल्या गावांचे, नाल्यांचे आणि खडकांचे नकाशे काढता येतील. ज्यांनी ती जमीन पाहिली, त्यांची पिढी वृद्ध होत आहे. त्यांच्याबरोबर पाण्याखालचा हा नकाशाही नाहीसा होईल. तो वेळीच उतरवून ठेवला तर उद्याच्या वाटाड्याला तो उपयोगी पडेल. शिवाय गावाचा इतिहास म्हणूनही तो जपला जाईल.

विवेकाची मर्यादा

गळाच्या मासेमारीने जिल्ह्यातील काठच्या सर्व कुटुंबांची उपजीविका होईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. हे मोसमी काम आहे. पावसाळा आणि प्रजननकाळ सोडून, विशेषतः हिवाळ्याच्या महिन्यांत, मोजक्या तरुणांना त्यातून जोडउत्पन्न मिळू शकेल. पुनर्वसन, जमीन, रस्ते आणि आरोग्य यांचे प्रश्न त्याने सुटणार नाहीत आणि ते मागेही पडता कामा नयेत. पाहुण्यांची संख्या पाण्याच्या आणि गावाच्या सोसण्याच्या मर्यादेत राहिली पाहिजे. नवे परदेशी मासे, मोठ्या आवाजाच्या नावा आणि काठावरचा कचरा यांना प्रारंभापासूनच मज्जाव असावा. थाई मागूरसारख्या घातक माशाच्या पालनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली, याचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल.

एवढी पथ्ये पाळली तर या लहानशा कामाचे महत्त्व त्याच्या उत्पन्नापेक्षा मोठे ठरेल. ज्या माणसाचे शेत पाण्याखाली गेले, त्याला आजवर त्या पाण्याविषयी कोणी फारसे विचारले नाही. गळ घेऊन आलेला पाहुणा नावेत बसतो आणि कोठे थांबावयाचे हे त्याला विचारतो. तेव्हा नावाडी वल्हे थांबवून एका जागेकडे बोट दाखवितो. वरून तेथे काहीच दिसत नाही. खाली त्याच्या वडिलांच्या शेताचा बांध असतो, आणि मासे त्या बांधाच्या आडोशाला असतात. त्या बोट दाखविण्याचे मोल ठरविणे, ते त्याच्या हाती पडेल असे पाहणे आणि सायंकाळी नाव सर्व माणसांसह काठाला लागेल याची व्यवस्था करणे, हे संस्था, पंचायत आणि शासकीय यंत्रणा यांचे संयुक्त कर्तव्य आहे.